कमान कोणावर पडली, यावर सगळं ठरतं

वाचकाचा प्रश्न: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांचं पत्र आलं आहे. मंडळ जुनं आहे, पण नोंदणी नाही. दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची वर्गणीची तात्पुरती परवानगी काढून काम चालतं. खर्च साधारण साडेसहा लाख, कार्यकर्ते चाळीसेक. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी वाऱ्याने स्वागतकमान एका बाजूला कलंडली. खाली उभी असलेली स्कूटर चेपली आणि वाटेने जाणाऱ्या एका ताईंच्या मनगटाचं हाड मोडलं. पोरांनी आपसात २२ हजार रुपये गोळा करून दिले, ताईंनीही ताणलं नाही. यंदा एका एजंटने ‘५० लाखांचं गणेशोत्सव पॅकेज’ साडेआठ हजारांत देऊ केलं आहे. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, २२ हजारांत भागलं, मग दरवर्षी साडेआठ हजार कशाला घालवायचे? शिवाय कमान डेकोरेटरची, जबाबदारी त्याची. ‘अपघातास मंडळ जबाबदार नाही’ असा फलक लावला की झालं. दुसरा तट म्हणतो, विमा काढला की उद्या पोलीस केस झाली तरी कंपनी बघून घेईल. खजिनदार विचारतात, विमा घ्यावा का, किती रकमेचा, कोणाच्या नावाने, आणि त्यात नेमकं काय येतं?

नमस्कार.

तुमच्या दोन्ही तटांशी माझं थोडं थोडं जमत नाही. पहिला तट विम्याचं माप चुकीच्या अपघाताने काढतो आहे आणि दुसरा तट विम्याकडून नको ती अपेक्षा धरतो आहे. दोघांच्याही बोलण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: विमा म्हणजे एकच वस्तू, ती घेतली की सगळं ‘कव्हर’. तसं नसतं. तुम्ही ज्याला पॅकेज म्हणता, त्यात तीन-चार वेगवेगळ्या पॉलिसी एकत्र बांधलेल्या असतात. त्यातली जबाबदारीची म्हणजे पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी बाकीच्यांपेक्षा वेगळी चालते. बाकीच्या पॉलिसी तुमचं किंवा तुमच्या माणसांचं नुकसान भरून देतात. ही मात्र दुसऱ्या कोणाचं तुमच्यामुळे नुकसान झालं आणि कायद्याने ते भरून देणं तुमच्यावर आलं, तर तुमच्या वतीने ते देणं चुकवते. देणं तुमच्यावर येतच नसेल तर कंपनीही काही देणार नाही.

तुमची कमानच उदाहरणाला घेऊ. समजा यंदाही ती पडली. आता ती कोणावर पडली, ते पाहत जाऊ.

वाटेने जाणाऱ्या ताईंवर पडली, तर हे सरळ पब्लिक लायबिलिटीचं प्रकरण. त्या तिऱ्हाईत आहेत, मंडळाशी त्यांचा काही करार नाही. खाली उभ्या स्कूटरचं आणि शेजारच्या दुकानाच्या शटरचंही तसंच.

तुमच्या कार्यकर्त्यावर पडली, तर बहुतेक पॉलिसींच्या लेखी तो तिऱ्हाईत नाही, तो मंडळाचाच माणूस. त्याच्यासाठी गट अपघात विमा म्हणजे ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट लागतो. यात चूक कोणाची हे पाहत नाहीत. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम मिळते. पण साधं हाड मोडलं, चार दिवस दवाखान्यात काढले, तर मूळ पॉलिसीत बहुधा काहीच नसतं. वैद्यकीय खर्चाचं कलम वेगळं जोडून घ्यावं लागतं. वयाची अट पाहा, कारण तुमची निम्मी आरास अठराच्या आतल्या पोरांनीच उभी केलेली असते. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात यातून वगळलेला असतो, हे विसर्जनाच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

डेकोरेटरच्या मजुरावर पडली, तर त्याचा मालक डेकोरेटर, म्हणून कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी त्याने काढलेली असायला हवी. बहुतेक छोट्या मंडपवाल्यांकडे ती नसते. मग मजुराच्या घरचे वकील डेकोरेटरसोबत मंडळालाही दाव्यात ओढतात, कारण त्यांना पैसे कुठून तरी मिळवायचे असतात.

तुम्ही भाड्याने आणलेल्या एलईडी वॉलवर किंवा जनरेटरवर पडली, तर मात्र मंडळं हमखास फसतात. वस्तू दुसऱ्याची आहे, म्हणजे ती ‘तिऱ्हाइताची मालमत्ता’ असं वाटतं. पण ती तुमच्या ताब्यात होती, आणि ताब्यातली, भाड्याची किंवा सांभाळायला दिलेली मालमत्ता लायबिलिटी पॉलिसी वगळते. साउंडवाला बिल मात्र तुमच्याच हातात देईल. हे हवं असेल तर पॅकेजच्या मालमत्ता विभागात त्या वस्तू किमतीसह लिहून घ्यायला हव्यात. मूर्ती, दागिने आणि आराससुद्धा त्याच विभागात.

लाकूड तेच, वारा तोच, पण चार माणसांसाठी चार वेगळे कागद. म्हणून ‘५० लाखांचं पॅकेज’ ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या ५० लाखांपैकी तिऱ्हाइतांसाठी किती? मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाच्या विम्याचे आकडे दरवर्षी छापून येतात. २०२५ साली तो ४७४ कोटींच्या वर होता. त्यात सुमारे ३७५ कोटींचा भाग स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक यांच्या अपघात विम्याचा होता, सोन्याचांदीचा विमा वेगळा, आणि पब्लिक लायबिलिटी ३० कोटींची. त्या मंडळाची गर्दी आणि सोनं पाहता ही वाटणी समजण्यासारखी आहे. पण मथळ्यातल्या आकड्यावरून जबाबदारीचा आकडा कळत नाही, एवढं त्यातून दिसतं. तुमच्या ५० लाखांत चाळीस कार्यकर्त्यांचे प्रत्येकी एक लाख धरून ४० लाख झाले असतील, तर तिऱ्हाइतांसाठी उरले फार तर काही लाख. एजंट खोटं बोलत नसतो, तो फक्त बेरीज सांगतो.

आता किती रकमेचा घ्यावा.

२२ हजारांवरून हे ठरवू नका. गेल्या वर्षी कमान कलंडली तेव्हा खाली स्कूटर आणि मनगट होतं, डोकं नव्हतं, एवढाच तो योगायोग. शिवाय लायबिलिटी पॉलिसीला ‘एक्सेस’ असतो, म्हणजे प्रत्येक दाव्यातली सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्हीच भरायची. एक्सेस २५ हजार असता तर गेल्या वर्षी पॉलिसी असूनही दमडी मिळाली नसती. म्हणजे पहिल्या तटाचं म्हणणं त्या अपघातापुरतं बरोबरच आहे. किरकोळ नुकसान गल्लीत वर्गणी काढून भागवता येतं, विमा त्यासाठी घ्यायचाच नसतो. तो घ्यायचा गल्ली विकली तरी भागणार नाही अशा नुकसानासाठी.

असं नुकसान केवढं असू शकतं? कमानीखालून ३२ वर्षांचा एक माणूस चालला आहे. छोटं गॅरेज आहे, महिन्याला २५ हजार कमावतो, घरी बायको, दोन मुलं आणि आई. तो दगावला. वाहन अपघातांच्या न्यायाधिकरणांत भरपाई कशी मोजायची याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिली आहे. मंडप पडला तर खटला दिवाणी न्यायालयात जाईल, तिथे हे सूत्र बंधनकारक नाही, पण अंदाजासाठी न्यायालयं त्याचाच आधार घेताना दिसतात. वर्षाचं उत्पन्न ३ लाख. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, झाले ४ लाख २० हजार. घरात अवलंबून चार माणसं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले ३ लाख १५ हजार. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार होतो ५० लाख ४० हजार, आणि अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा त्यावर वेगळ्या. हे एका माणसाचं. पाच लाखांची पॉलिसी इथे पाच लाख देऊन बाजूला होईल, उरलेले ४५ लाख कोण देणार?

त्याचं उत्तर तुमच्या बाबतीत जरा कडू आहे. तुमचं मंडळ नोंदणीकृत नाही. धर्मादाय कार्यालयाची जी परवानगी तुम्ही काढता ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खालची, आणि ती फक्त वर्गणी गोळा करायची परवानगी आहे. तिने मंडळाला कायद्याच्या नजरेत वेगळं अस्तित्व मिळत नाही. त्यामुळे दावा होतो तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीतल्या माणसांवर, त्यांच्या नावानिशी. ‘मंडळ बघेल’ असं बैठकीत कोणी म्हणालं तर मंडळ म्हणजे कोण, हे त्याला विचारा. परवानगीच्या अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत ते, आणि त्यात तुमची आहे.

म्हणून पॉलिसीवर नाव लिहितानाही फक्त ‘अमुक तरुण मंडळ’ एवढंच लिहू देऊ नका. मंडळाचं नाव, आणि पुढे अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणीचे सर्व सदस्य, असं विमाधारकाच्या रकान्यात यायला हवं. नोंदणी असलेल्या मंडळांनी प्रमाणपत्रावर आहे अगदी तसंच नाव घालावं, पाट्यांवरचं लाडकं नाव नको.

रकमेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एजंटला सांगा, मूर्ती-आराशीचा भाग कमी करा, लायबिलिटी एका अपघाताला किमान ५० लाख करा आणि त्याचा वेगळा दर द्या. तुमची आरास दोन-अडीच लाखांची असेल. ती जळाली तर वाईट वाटेल, पण कोणाचं घर विकावं लागणार नाही. पॉलिसीवर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका अपघातासाठी किती आणि पूर्ण मुदतीत मिळून किती. एजंट मोठी सांगतो ती दुसरी असू शकते. पाहायची पहिली. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, सरकारी चार सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी एक त्यात असू द्या, त्यांची शाखा बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतेच.

जाता जाता, एखादा एजंट ‘१९९१ च्या कायद्याने पब्लिक लायबिलिटी सक्तीची आहे’ असं सांगेल. तो कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आला आणि तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. मंडळाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

डेकोरेटर आणि फलक, हे दोन मुद्दे आता निकालात काढू.

डेकोरेटरची जबाबदारी असते, नक्की असते. पण ती तुमच्या जबाबदारीऐवजी नसते, तुमच्यासोबत असते. रस्त्यावर मांडव घालायची परवानगी तुम्ही मागितली, कमानीवर जाहिरातीचा फ्लेक्स लावून पैसे तुम्ही घेतले, लोकांना दर्शनाला तुम्ही बोलावलं. जखमी माणूस दोघांवरही दावा लावू शकतो. पुढे डेकोरेटरकडून वसूल करणं हा तुमचा आणि त्याचा मामला, आणि लेखी करार नसेल तर तो फार अवघड जातो. आज तुमच्याकडे त्याची बिलाची चिठ्ठी असेल, तीही रोख घेतल्याची. यंदा एका पानाचा करार करा: उभारणी कशी करणार, कोणत्या तारखेला उभं आणि कोणत्या तारखेला उतरवणार, रोज तपासणी कोण करणार, त्याच्या कामातल्या दोषामुळे मंडळावर आलेलं देणं तो भरेल, आणि त्याच्या स्वतःच्या पब्लिक लायबिलिटीची व मजुरांच्या विम्याची प्रत जोडलेली आहे. काही डेकोरेटर हे कागद देतात, मागितले तर तुमचाही देईल. नाही म्हणाला तर निदान कळेल तरी, की चाळीस फुटी मांडव कोणाच्या भरवशावर उभा आहे.

फलकाचं म्हणाल तर ‘मंडळ जबाबदार नाही’ हे वाक्य रंगाऱ्याच्या खर्चाइतकंही उपयोगाचं नाही. रस्त्याने जाणाऱ्याने ते मान्य केलेलं नसतं, वाचलेलंही नसतं, आणि तुमच्या निष्काळजीपणाची किंमत तुम्ही त्याच्यावर एकतर्फी टाकू शकत नाही. त्यापेक्षा ‘वरून वायर गेली आहे, इथे चढू नये’ असा फलक शंभरपट चांगला, कारण त्याने अपघात टळतो आणि काळजी घेतल्याचा पुरावाही राहतो.

दुसऱ्या तटाला सांगा, पोलीस केस कंपनी बघत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो, त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती शिक्षा किंवा दंड कोणतीही विमा कंपनी आपल्या अंगावर घेत नाही, घेऊही शकत नाही. कंपनी देते ती दिवाणी भरपाई, आणि तिच्या लेखी संमतीने केलेला त्या दाव्यातला वकिलाचा खर्च. आवाजाची मर्यादा ओलांडल्याचा दंड, रस्त्यात खड्डे खणल्याचा नगरपालिकेचा दंड, हेही तुमच्याच खिशातून.

आता पॉलिसीचे कागद हातात आले की कुठे बोट ठेवायचं ते सांगतो. मंडळांचे दावे बहुधा इथेच अडतात.

तारखा. दहा दिवसांचा उत्सव म्हणून दहा दिवसांची पॉलिसी घेतात. पण मांडवाचे खांब आठ-दहा दिवस आधी उभे राहतात आणि विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांनी उतरतात. उभारताना आणि उतरवताना माणसं उंचावर असतात आणि दोर सुटलेले असतात, त्यामुळे धोका तेव्हाच जास्त. पहिला खांब येण्याच्या दिवसापासून शेवटचा टेम्पो भरून जाईपर्यंत मुदत मागा.

जागा. पॉलिसीत ‘मंडपाचा पत्ता’ एवढंच लिहिलं असेल तर चौकातली कमान दोनशे मीटरवर आहे म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. कमानींच्या जागा, आगमन आणि विसर्जनाच्या मिरवणुकीचा मार्ग, घाट किंवा हौद, सगळं नावानिशी लिहून घ्या.

वादळवारा. भूकंप, पूर, वादळ यांमुळे आलेली जबाबदारी मूळ पॉलिसी वगळते, ‘ॲक्ट ऑफ गॉड’चं वाढीव कलम घेतलं तरच ती येते. भाद्रपदात मांडव घालणाऱ्याने हे कलम न घेणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवून निघणं. गेल्या वर्षीचा तुमचा अपघात वाऱ्याचाच होता.

महाप्रसाद. जेवणातून विषबाधा झाली तर ती जबाबदारी खाद्यपदार्थांच्या वेगळ्या कलमात येते. ते मागा, आणि प्रसाद-महाप्रसादासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन होते.

ढोल-ताशा पथक. कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांना कधी कधी वगळलेलं असतं. पथकाचा स्वतःचा विमा आहे का, ते सुपारी देतानाच विचारा.

मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे आहे. मोटार वाहन कायद्याखाली ज्या अपघाताचा विमा वाहनावर असायला हवा, तो पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घेत नाही. म्हणजे ट्रॅक्टर गर्दीत घुसला तर तुमचं पॅकेज बाजूला, ट्रॅक्टरचा स्वतःचा थर्ड पार्टी विमा समोर. आणि गावात ट्रॅक्टर कसा असतो? कोणाच्या तरी काकांचा. विमा शेतीच्या वापरासाठी, ट्रॉलीचा पॉलिसीत उल्लेख नाही, ट्रॉलीवर पंधरा पोरं, चालवणाऱ्याकडे दुचाकीचं लायसन्स. अशा वेळी कंपनी एक तर अंग काढून घेते किंवा न्यायालयाच्या आदेशाने जखमींना पैसे देऊन नंतर ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करते. काकांनी फक्त गणपतीसाठी गाडी दिली होती. म्हणून विसर्जनाच्या आठ दिवस आधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची आरसी, चालू विमा आणि चालवणाऱ्याचं लायसन्स यांच्या प्रती तुमच्या फाइलला लावा, ट्रॉलीवर मूर्ती आणि ती धरणारे दोघं-तिघं, बाकीचे खाली. दमलेल्या किंवा प्यालेल्या ड्रायव्हरच्या जागी बसायला दुसरा लायसन्सवाला तयार ठेवा. शक्य असेल तर माल वाहतुकीचा नोंदणीकृत टेम्पो भाड्याने घ्या, पण त्याच्याही मागे माणसं कोंबली तर तीच गत.

प्रपोजल फॉर्म म्हणजे विम्यासाठीचा अर्ज. हा कागद एजंट स्वतः भरून फक्त सही मागतो. ती देऊ नका. त्यात ‘मागील वर्षांत अपघात किंवा दावा झाला होता का’ असा प्रश्न असतो. तुमचं उत्तर ‘हो’ आहे. तारीख, कमान कलंडली, एक व्यक्ती जखमी, एक वाहन, २२ हजार दिले, असं स्वच्छ लिहा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा कंपनी कमानीबद्दल अट घालेल. लपवलंत आणि यंदा पुन्हा कमान पडली, तर गावातल्या कोणालाही विचारून सर्व्हेअरला, म्हणजे नुकसानाची पाहणी करायला आलेल्या माणसाला, पाच मिनिटांत कळेल, आणि मोठा दावा नेमका त्याच कारणावर नाकारला जाईल.

पॉलिसी काळजी घेतल्याचीही अट घालते, आणि ती अट कमानीच्या हिशेबात कशी दिसते पाहा. समजा, कमानीवर २० बाय १० फुटांचा फ्लेक्स आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा त्यावर थेट आला तर रेटा तीनशे किलोच्या वर जातो, आणि तो जमिनीपासून सतराएक फुटांवर लागतो. खाली दोन बाजूंना वाळूने भरलेले दोन पिंप, प्रत्येकी साडेतीनशे किलोचे, पण त्यांचं बूड दोन फुटांचं. वजन भरपूर वाटतं, तरी उलटायला विरोध होतो तो फक्त त्या एका फुटाच्या अंतराने. म्हणजे नुसत्या पिंपांवर कमान उभी राहतच नाही, वारा येईपर्यंत ती उभी असल्यासारखी दिसते. तिला पुढून-मागून तारेचे ताण, पायाशी रुंद बैठक आणि तिरके पाइप लागतात, आणि फ्लेक्स सलग न लावता मधे फटी ठेवाव्या लागतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात कोसळलेलं होर्डिंग शंभर फुटांहून लांब-रुंद होतं, तिथे १७ माणसं गेली. तुमची कमान त्याच्यापुढे किरकोळ, पण वाऱ्याचा नियम तोच. स्थापत्य अभियंत्याकडून स्थिरतेचा दाखला घ्या, तालुक्याला कोणी ना कोणी मिळतो. विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि जनरेटरला चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच वीज जोडणारा स्विच, बसवा. आकड्यावरची रोषणाई करून शॉक लागला, तर कंपनीला नाही म्हणायला दुसरं कारण शोधावं लागत नाही. दाखला, जोडणीची पावती, नगरपालिका, पोलीस आणि अग्निशमनाच्या परवानग्या एका फाइलमध्ये, आणि रोज संध्याकाळी आरतीआधी दोघांनी मांडवाभोवती चक्कर मारून वहीत वेळ टाकून सही करायची. ती वही न्यायालयात तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा जास्त बोलते.

अपघात झालाच तर आधी माणूस दवाखान्यात. गाडी, औषधं, पहिला खर्च लगेच करा, त्याला कोणी नको म्हणणार नाही. पण ‘चूक आमचीच, सगळं आम्ही देऊ’ असं लिहून किंवा बोलून देऊ नका, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. बहुतेक पॉलिसींत कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली किंवा तडजोड केली तर दावा जातो. दवाखान्याचे पैसे देताना पावतीवर ‘माणुसकीच्या नात्याने, जबाबदारी मान्य न करता’ एवढे शब्द असू द्या. पडलेली वस्तू उचलण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, साक्षीदारांची नावं घ्या, पोलीस पंचनामा होऊ द्या.

आणि कंपनीला ईमेल त्याच दिवशी, कोणी दावा केला नसला तरी. हे कळीचं आहे. या पॉलिसी साधारणपणे ‘मुदतीत झालेला अपघात आणि मुदतीत आलेला दावा’ अशा धर्तीच्या असतात. तुमची मुदत पंचवीस दिवसांची, आणि मृत्यूच्या भरपाईचा दावा माणूस गेल्यापासून दोन वर्षांपर्यंत करता येतो. नोटीस पुढच्या शिमग्याला आली तर पॉलिसी कधीच संपलेली. अपघाताची लेखी सूचना मुदतीच्या आत दिलेली असेल, तर नंतर आलेला दावाही त्या मुदतीतलाच धरण्याचं कलम असतं. ते तुमच्या कागदात आहे का ते आधी पाहा, नसेल तर मागा. नंतर कोर्टाचं समन्स आलं तर स्वतः उत्तर न देता ते जसंच्या तसं कंपनीकडे पाठवायचं.

गेल्या वर्षीच्या ताईंचं राहिलंच. यंदाची पॉलिसी मागच्या अपघाताला लागू होणार नाही, आणि २२ हजार दिल्याची तुमच्याकडे पावती नाही असं पत्रावरून दिसतं. त्यांनी ताणलं नाही हा त्यांचा मोठेपणा. दोघं-तिघं जाऊन त्यांचं मनगट आता कसं आहे ते विचारून या. फिजिओथेरपीचा खर्च अजून चालू असेल तर तो द्या, आणि मग मिळालेल्या एकूण रकमेची, त्यांची आणि स्कूटरवाल्याची, दोन वेगळ्या कागदांवर सही घ्या. कागद पुढे करण्याआधी विचारपूस करा, उलट क्रमाने गेलात तर चांगलं दिसणार नाही.

बैठकीआधी एजंटला एवढंच लिहून पाठवा: ‘५० लाखांपैकी तिऱ्हाइतांसाठी एका अपघाताला किती? एक्सेस किती? मुदत उभारणीपासून उतरवणीपर्यंत आहे का? कमानी, मिरवणूक मार्ग आणि घाट लिहिले आहेत का? वादळवारा आणि महाप्रसाद धरला आहे का? मुदतीत कळवलेल्या अपघाताचा दावा नंतर आला तर चालतो का? विमाधारकात कार्यकारिणीचे सदस्य आहेत का? उत्तर लेखी द्या, पॉलिसीच्या मसुद्यासह.’ फोनवर ‘सगळं आहे हो साहेब’ म्हणाला तर पुन्हा हाच निरोप पाठवा.